मुंबईत स्वस्तात नीट जेवायचं कसं : माझा अनुभव

लातूरहून मुंबईत नोकरीला येताना सगळ्यांनी मला राहायचं काय, लोकलच्या गर्दीचं काय एवढंच विचारलं, जेवणाचं कुणी विचारलंच नाही. आणि खरं सांगायचं तर पगाराला सगळ्यात मोठं भोक तिथेच पडतं. पीजी करी रोडला, ऑफिस फोर्टात, आणि हिशोब असा की दोन वेळचं जेवण, नाष्टा, चहा सगळं धरून दिवसाला दोनशेच्या वर जायचं नाही. पीजीवाल्यांचा डबा होता पण त्यातली भाजी कुठली आहे हे ओळखायचा आम्ही मुली खेळ खेळायचो, म्हणजे समजा. मोबाईलवरून मागवायचं तर दीडशेच्या भाजीवर डिलिव्हरी, पॅकिंग, अजून कसलं कसलं लागून बिल अडीचशेला टेकतं, ते पण बंद केलं.

मग राहिलं शोधणं. रिव्ह्यू वाचून शोधायला गेलं की तीच तीच नावं येतात. दादरचं प्रकाश, आस्वाद, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, प्रकाशचा साबुदाणा वडा आणि वर पियुष म्हणजे सुखच आहे, पण ते पगाराच्या आठवड्यातलं. रोजचं जेवण शोधायचं तर वेगळा रस्ता लागतो. स्टार किती आहेत आणि फोटो कसे आहेत यावरून वरणभात कसा आहे ते कळत नाही हो, आणि ज्या जागा खरंच रोजच्या माणसांच्या आहेत त्यांचे फोटो काढायला कुणाला वेळ नसतो.

मला रस्ता दाखवला आमच्या ऑफिसच्या शिपाई मामांनी. मी विचारलं, मामा इथे चांगलं हॉटेल कुठे आहे? त्यांनी लगेच एका एसी हॉटेलचं नाव सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही जेवता का तिथे? तर हसले, "मी कशाला जातोय तिथे? मॅडम लोकांना बरं असतंय म्हणून सांगितलं." तेव्हापासून "चांगलं कुठे मिळतं" असं मी कुणालाच विचारत नाही, "तुम्ही स्वतः कुठे जेवता" असंच विचारते. कुरियरवाला, बँकेचा वॉचमन, झेरॉक्सवाला, ही माणसं रोज त्याच भागात त्याच पैशात जेवतात, त्यांचं पोट बिघडलं तर खाडा पडतो, त्यामुळे त्यांच्याइतकी पारख कुणाची नाही.

फोर्टात मामांनीच मग पंचम पुरीवाला दाखवलं, सीएसएमटीच्या समोरच, खूप जुनं दुकान. गरम पुऱ्या आणि बटाट्याची रस्सा भाजी, दुपारी तिथे कोण नसतं? वकील, हमाल, कॉलेजची पोरं सगळे एका टेबलावर कोपराला कोपर लावून. पण पुरी रोज खाता येत नाही, मला तरी नाही, दुपारी तीन वाजता कॉम्प्युटरसमोर डोळे मिटतात. रोजसाठी उडुप्याकडची राईस प्लेट बरी. तिथली एक गोष्ट कुणी सांगत नाही ती म्हणजे बऱ्याच ठिकाणी एसी सेक्शनचे आणि साध्या सेक्शनचे दर वेगळे असतात, किचन तेच, थाळी तीच. एकटी मुलगी दिसली की वेटर "मॅडम ऊपर, एसी फॅमिली" म्हणून वर पाठवायला बघतो, आपण खालीच पंख्याखाली बसायचं. आणि पाणी विचारतील "बिसलेरी या सादा", सादा म्हणायला लाजू नका.

स्टेशनला लागून असलेली पहिली रांग मी सहसा सोडूनच देते, तिथे भाडं जास्त आणि गिऱ्हाईक परत येईल याची कुणाला फिकीर नसते. एक गल्ली आत गेलं की चित्र बदलतं. याला अपवाद म्हणजे माटुंगा. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनबाहेरच, मार्केटच्या वरच्या मजल्यावर रामा नायक यांचं उडुपी श्री कृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. काउंटरवर कूपन घ्यायचं, नंबर येईपर्यंत बसायचं, मग केळीच्या पानावर वाढायला सुरुवात होते ती थांबतच नाही. भाज्या, रसम, सांबार, भात, ताक, आणि वाढणारे अण्णा इतक्या वेगात फिरतात की पानावर हात आडवा धरला तरच थांबतात. भूक कमी असेल तर लिमिटेड प्लेट घ्या, स्वस्त पडते. मी महिन्यातून एखाद्या रविवारी जाते, सकाळी काहीच न खाता, आणि मग रात्रीचं जेवण लागत नाही, म्हणजे हिशोब जुळतो की नाही सांगा. सोमवारी बंद असतं, उगाच चक्कर टाकू नका.

सरकारी शिवभोजन थाळी पण खाऊन बघितली, २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली ती दहा रुपयाची. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. जेवण साधं पण ठीक होतं. पण केंद्राला रोजच्या थाळ्या ठरवून दिलेल्या असतात, आपण एक खाल्ली की मागच्या रांगेतल्या कुणाची तरी कमी होते, म्हणून मग मी गेले नाही. हे आपलं माझं मत.

खरा प्रश्न रात्रीचा होता. तो सुटला लालबागला. आमच्या पीजीच्या खालच्या इस्त्रीवाल्या दादांना माझा तो ठरलेला प्रश्न विचारला, तर त्यांनी एका चाळीतल्या खानावळीत पाठवलं. बाहेर बोर्ड नाही, तळमजल्याची खोली, दोन बाकडी, भिंतीवर कॅलेंडर आणि पाटीवर खडूने लिहिलेलं आजचं जेवण. काकू मालवणकडच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आज बांगडो नाय गावलो, सुको जवळो आसा, चलात?" आम्ही लातूरची माणसं, मासे म्हणजे कधीतरी धरणावर गेलो तर, जवळा म्हणजे सुकवलेली अगदी बारीक कोळंबी, हेच माहिती नव्हतं. त्यांनी बशीत चमचाभर काढून दिला, कांदा, कोकम, खोबरं, आणि ते बारीक बारीक खारट कुरकुरीत. तांदळाच्या भाकरीबरोबर मी तीन वेळा मागून घेतला.

या खानावळी काही आजच्या नाहीत. गिरणगावात, म्हणजे लालबाग-परळच्या या कापड गिरण्यांच्या भागात, घरदार गावी ठेवून आलेले कामगार अशाच बायकांकडे महिन्याच्या हिशोबाने जेवायचे. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. काकूंच्या सासूबाई पण गिरणीच्या लोकांना जेवू घालायच्या, १९८२ च्या संपात जेवणारेच गावी गेले आणि कितीतरी बायकांची उधारी बुडाली ती बुडालीच, हे काकू भांडी घासता घासता सांगतात. आता त्यांच्याकडे टॉवरचे वॉचमन, केईएमचे वॉर्डबॉय आणि माझ्यासारख्या पीजीतल्या मुली.

महिना लावायचा असेल तर आधी दोन-चार दिवस रोखीने जेवून बघा, एकदा बुधवारी आणि एकदा सोमवारी, कारण मासळीच्या दिवशी सगळेच चांगलं करतात, शाकाहारी वारी डाळ किती पातळ आहे त्यावरून खानावळ कळते. दुसरं म्हणजे खाड्याचं आधीच बोलून घ्या. आमच्याकडे सलग तीन दिवस गावी गेलं आणि आदल्या दिवशी सांगितलं तरच खाडा धरतात, एखाद दिवस ऑफिसात उशीर झाला तर नाही. फक्त रात्रीचं मला महिन्याला अडीच हजाराच्या आसपास पडतं. श्रावणात मासळी बंद, त्यात काकू अळूचं फदफदं करतात, ते मात्र मला अजून झेपलेलं नाही.

आता दुपारी राईस प्लेट नाहीतर पुरीभाजी, रात्री काकू, सकाळी इराण्याकडे बनमस्का नाहीतर स्टेशनबाहेर पोहे, असं बसलंय. दोनशेच्या आत. महिनाअखेरीला वडापाव आहेच, त्याचं काय सांगायचं. अडकतं ते रविवारी रात्री, काकूंची सुट्टी असते, आणि त्या दिवशी मला नेमकी ज्वारीची भाकरी आणि ठेचा आठवतो. दादरच्या पोळीभाजी केंद्रात भाकरी मिळते पण आठच्या आत संपते. लालबाग, परळ, करी रोड या पट्ट्यात रविवारी रात्री नऊनंतर ज्वारीची गरम भाकरी कुठे मिळत असेल तर सांगा, आणि तुम्ही स्वतः जेवत असाल तीच जागा सांगा.