सहा शब्दांचा करार

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहातील ‘फ्रोनर टेसेरा’ ही प्राचीन स्पेनमधील केल्टिबेरियन या केल्टिक भाषेतला लेख असलेली, हातात हात दिल्याच्या आकाराची छोटी कांस्यवस्तू (टेसेरा म्हणजे आतिथ्याच्या कराराची खूण) मी छायाचित्रावरून वाचायला घेतली, तेव्हा आदरातिथ्याच्या करारात काही अटी असतील, निदान ‘पाहुणा’ अशा अर्थाचा एखादा शब्द तरी असेल, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात सहाच शब्द हाती आले : लुबोस अलिसोकुम आवालो के कोन्तेबियाझ बेलाइस्काझ.

लिपी शिकण्यात बराच काळ गेला. स्पॅनिश अभ्यासक मानुएल गोमेझ-मोरेनो यांनी १९२०च्या दशकात उलगडलेल्या या लिपीत न, र, ल, स यांना सुटी चिन्हे आहेत, पण क आणि ग यांना मिळून स्वरासकट एकच अक्षर आहे. शिवाय जोडाक्षराची सोय नसल्याने ‘कोन्त्रेबिया’ या नगरनामातील र लिहिताना गळला आहे.

व्याकरणात संस्कृतचा आधार मिळाला. ‘अलिसोकुम’मधील -उम हा षष्ठी बहुवचनाचा प्रत्यय, म्हणजे आपल्या ‘देवानाम्’मधील -आम्‌चा भाऊबंद. स्पेनमधील लुझागा येथे सापडलेल्या कांस्यलेखात शब्दाला चिकटून येणारा ‘कुए’ हा तर थेट आपला ‘च’, ‘आणि’ या अर्थाचा. तो ओळखल्याचा मला इतका आनंद झाला की फ्रोनर टेसेरावरील ‘के’सुद्धा मी ‘आणि’ असाच वाचला आणि लुबोस व आवालो अशा दोघांमधला करार मनात रचून टाकला. कितीतरी दिवसांनी लक्षात आले की आवालो हा दुसरा पक्ष असता, तर त्याचे नाव लुबोसप्रमाणेच प्रथमेत, म्हणजे ‘आवालोस’ असे आले असते. ‘आवालो’ ही षष्ठी आहे आणि ‘के’ हे ‘केन्तिस’, म्हणजे मुलगा, या शब्दाचे पहिले अक्षर आहे. शेवटच्या दोन शब्दांतील -झ हा पंचमीचा. मग वाचन सरळ लागले : अलिसोक कुळातील, आवालोचा मुलगा लुबोस, कोन्त्रेबिया बेलाइस्काहून. हे नगर म्हणजे स्पेनमधील झारागोझाजवळचे आजचे बोतोरिता.

इतर टेसेरांवर ‘तुरियासिका कार’ यांसारखे लेख आहेत आणि त्यांतील ‘कार’चा अर्थ बहुतेक अभ्यासक मैत्री किंवा आतिथ्य असा घेतात. इथे तो शब्दही नाही; करार आहे तो हाताच्या आकारातच. परक्याला आपल्या घरी नेण्यासाठी केल्टिबेरियन लोकांत चढाओढ लागे, असे प्राचीन ग्रीक इतिहासकार डायोडोरसने नोंदवले आहे, आणि लुबोसचा हात धरणाराही तसाच कोणी असावा, असे मला मनापासून वाटते. त्याचे नाव मात्र या कांस्यावर कोरलेले नाही.