तीच फाइल, तोच संगणक: कधी ९६ पानं, कधी ९९

सोळा पानांचा एक फर्मा, असे सहा फर्मे म्हणजे ९६ पानं. गिरगावातल्या एका अक्षरजुळणीच्या कार्यालयात एका संस्थेची स्मरणिका छापखान्यात जायला तयार होती आणि तिची लिबरऑफिस रायटर या मोफत लेखन-सॉफ्टवेअरमधली फाइल एकाच संगणकावर कधी ९६ पानांची उघडत होती, तर कधी ९९. मजकुरात कुणी काना-मात्राही हलवलेली नव्हती. "अहो, काल बंद करताना शहाण्णव होती, सकाळी उघडली तर नव्याण्णव," टंकन करणाऱ्या काकू सांगत होत्या. संपादकांनी निकाल देऊन टाकला होता: फुकटच्या सॉफ्टवेअरकडून दुसरं काय मिळणार! तीन पानं सातव्या फर्म्यात गेली की कागदाचा आणि छपाईचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो, तेव्हा त्यांचा राग रास्त होता. निकाल मात्र रास्त नव्हता.

तिथले संगणक इंटेलच्या चौथ्या पिढीचे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणून लिनक्स मिंट २२ या मोफत कार्यप्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घातली. ते काम झटपट होतं, खरी मेहनत त्यानंतरची. काकूंचा हात टंकलेखन यंत्रावर बसलेला, त्यामुळे इन्स्क्रिप्ट हा दुसरा कळफलक शिका म्हणणं म्हणजे त्यांचा वेग मारणं. आयबस या टंकनयंत्रणेचं एम१७एन पॅकेज घातलं की मराठी रेमिंग्टन, म्हणजे टंकलेखन यंत्राच्या धर्तीचा कळफलक, मिळतो, आणि ज्यांना उच्चाराप्रमाणे टंकायचंय त्यांना गमभनही. जुने अंक स्कॅन करून मजकूर काढण्यासाठी टेसरॅक्ट हे ओसीआर सॉफ्टवेअर लागतं, पण त्याची मराठी भाषाफाइल वेगळ्या पॅकेजात असते. ती घातली नाही तर देवनागरी पानातून रोमन अक्षरांचा कचरा बाहेर येतो, आणि लोक म्हणतात लिनक्सवर ओसीआर चालत नाही.

मोठी डोकेदुखी फॉन्टची. विंडोजवरून आलेल्या प्रत्येक फाइलमध्ये 'मंगल' मागितलेला. तो मायक्रोसॉफ्टचा, लिनक्ससोबत येत नाही. यावर मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट आणणारं पॅकेज टाका, असा सल्ला हमखास मिळतो. त्यात एरियल, टाइम्स न्यू रोमन, व्हर्डाना वगैरे येतात, मंगल येत नाही. सल्ला देणाऱ्यांनी ते पॅकेज एकदा उघडून पाहिलं असतं, तर बरं झालं असतं.

म्हणून 'मुक्त' घेतला. मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, खुल्या परवान्याचा, छपाईत सुबक आणि रुंदीला आटोपशीर. फॉन्ट निवडणाऱ्या फॉन्टकॉन्फिग या यंत्रणेला सांगून ठेवलं की कुणी मंगल मागितला तर मुक्त द्यायचा. हा नियम ईटीसी-फॉन्ट्स या फोल्डरमधल्या लोकल कॉन्फ फाइलमध्ये लिहितात. त्यात बाइंडिंग 'सेम' ठेवावं लागतं, नाहीतर नियम दुबळा पडतो आणि दुसराच फॉन्ट पुढे घुसतो. मग फॉन्टची कॅश ताजी करायची, टर्मिनलमध्ये एफसी-मॅच या आज्ञेला मंगल विचारायचं. उत्तर 'मुक्त' आलं की झालं. सगळ्या संगणकांवर ते येत होतं, बिघडलेल्या संगणकावरसुद्धा.

मग ९९ पानं कुठून? फाइल दोनदा उघडून दोन्ही वेळा पीडीएफ काढल्या आणि पीडीएफफॉन्ट्स ही पॉपलर या पीडीएफ-साधनसंचातली छोटी आज्ञा चालवली. पीडीएफमध्ये प्रत्यक्षात कोणता फॉन्ट बसलाय, हे ती सांगते. पडद्यावर बघून वाद घालण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. ९६ पानांच्या पीडीएफमध्ये मुक्त होता, ९९ पानांच्या पीडीएफमध्ये नोटो सान्स देवनागरी. परिच्छेदांना ओळीची उंची ठरावीक दिलेली होती, त्यामुळे उंचीचा प्रश्न नव्हता. नोटोची अक्षरं रुंद, ओळीत शब्द कमी मावतात, परिच्छेदाला एखादी ओळ वाढते. तेवढ्यावर शेवटी तीन पानं.

एकाच संगणकावर दोन उत्तरं का, हे मदतीच्या मेन्यूतल्या 'लिबरऑफिसविषयी' या खिडकीनं सांगितलं. मेन्यूतून रायटर उघडला की आवृत्ती २४.२, फाइलवर डबल क्लिक केलं की त्याहून नवी. म्हणजे लिबरऑफिस दोनदा बसवलेलं होतं: एक मिंटच्या भांडारातलं, म्हणजे मिंटनं स्वतः पुरवलेलं; दुसरं फ्लॅटपॅक, म्हणजे कुठल्याही लिनक्सवर चालेल असं बांधलेलं. नव्या आवृत्तीसाठी कुणीतरी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ते घेतलं होतं. तिथे स्रोत निवडायची एक बारीकशी यादी असते, ती कुणाच्या नजरेत भरत नाही. बसवल्यावर एक्सएफसीईच्या मेन्यूत नाव तेच, चित्र तेच. सामान्य माणसानं फरक ओळखायचा कसा? हा दोष वापरणाऱ्याचा नाही, दुकान असं मांडणाऱ्याचा आहे.

फ्लॅटपॅकमधलं ॲप्लिकेशन स्वतःच्या चौकटीत चालतं. बाहेरचे फॉन्ट त्याला दिसतात, म्हणून त्याच्या फॉन्टयादीत मुक्त दिमाखात हजर होता. आणि त्यामुळेच संशय येत नव्हता. पण ईटीसी-फॉन्ट्स त्याला स्वतःच्या रनटाइमचं, म्हणजे सोबत येणाऱ्या पायाभूत फाइलींच्या संचाचं मिळतं, आपलं नाही. फॉन्ट आत पोचला, नियम बाहेरच राहिला. फ्लॅटपॅक रनला कमांड म्हणून एफसी-मॅच देऊन चौकटीच्या आतून विचारलं, तर मंगलच्या जागी मुक्त आला नाही.

खरंतर रायटर इशारा देतो: संगणकावर नसलेल्या फॉन्टचं नाव वरच्या पट्टीत तिरप्या अक्षरात दाखवतो. बस, एवढाच. पानांची संख्या बदलते आणि त्याची सूचना काय, तर तिरपं अक्षर!

लिबरऑफिसची फ्लॅटपॅक प्रत काढायची ठरली. ती काढताना डेटाही पुसण्याचा पर्याय असतो, तिथे जपावं. काकूंनी जमवलेली स्वयंदुरुस्तीची मराठी यादी त्याच प्रतीच्या प्रोफाइलमध्ये (वैयक्तिक सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये) होती: घरच्या फोल्डरमधल्या लपलेल्या व्हार-ॲपच्या आत, ऑटोकॉर फोल्डरमध्ये, एमआर-आयएन नावाची. भांडारातल्या प्रतीचं प्रोफाइल लपलेल्या कॉन्फिगमध्ये असतं. दोन्ही प्रती बंद ठेवून यादी तिकडे हलवली, मग ॲप काढलं, मग कुणी वापरत नसलेले रनटाइम काढले. एकेक रनटाइम काहीशे एमबी खातो. छोट्या एसएसडीवर ते जाणवतं.

स्मरणिकेच्या फाइलमधून मंगल कायमचाच हटवला. शैलीमध्ये पाश्चात्त्य आणि सीटीएल (देवनागरीसारख्या गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी) असे वेगळे फॉन्ट असतात, देवनागरी फक्त सीटीएलचं ऐकते. तिथे मुक्त दिला आणि भाषा मराठी केली. थेट लावलेला मंगल 'शोधा आणि बदला'मधून स्वरूपावरून शोधून काढला. सगळं निवडून स्वरूपण पुसणं सोपं होतं, पण मग मथळ्यांचा आणि नावांचा ठळकपणाही जातो. शेवटी फाइलच्या गुणधर्मांत फॉन्ट आतच जोडून ठेवला. पाच संगणकांवर उघडली, सगळीकडे ९६.

आता फ्लॅटपॅक नकोच, असं संपादकांचं म्हणणं. ते मला पटत नाही. चित्र-संपादनाचं गिंप ३.० मार्च २०२५ मध्ये आलं, मिंट २२ च्या भांडारात अजून २.१० आहे. चित्रांचं काम करणाऱ्या मुलाला ३ हवंच, म्हणून त्याच्याकडे ते फ्लॅटपॅकमधूनच ठेवलंय आणि भांडारातली प्रत काढली. भांडारातलं लिबरऑफिस मात्र जुनं पडत जाणार, आणि नव्या आवृत्तीची मागणी पुन्हा येणार. तेव्हा त्याच्या सगळ्या प्रती एकदम फ्लॅटपॅकवर न्यायच्या आणि फॉन्टचा नियम चौकटीच्या आत पोचवायचा, की भांडाराच्या पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबायचं, हे अजून ठरत नाहीये. कपाटातल्या जुन्या फाइली अजून मंगलच मागतात.