आमची वाटचाल : कुर्ल्यातला बोलिंग हॉल आणि मे महिन्यातल्या दुपारी

मुंबईतला बोलिंगचा, म्हणजे लेन नावाच्या लांब लाकडी पट्ट्यावरून जड चेंडू घरंगळवून दहा पिना पाडण्याच्या खेळाचा, धंदा एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत कमावतो आणि उरलेले वर्षभर तेच खातो, हे या व्यवसायातल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. शाळांना सुट्टी लागते, ज्यांचे कोकणात गाव आहे त्यांची तिकिटे आधीच काढून झालेली असतात, आणि ज्यांना गाव नाही किंवा गाडीत जागा मिळाली नाही, त्यांची मुले पत्र्याच्या आणि स्लॅबच्या खोल्यांत भर दुपारी उकाड्याने हैराण होऊन बसलेली असतात. 1999 मध्ये कुर्ल्याला लाल बहादूर शास्त्री मार्गालगतच्या एका जुन्या गोदामात आम्ही सहा लेन टाकल्या, त्या याच मुलांच्या भरवशावर. कर्ज मागायला गेलो तेव्हा बँकेतल्या साहेबांनी हा बड्या लोकांचा खेळ आहे, कुर्ल्यात कोण येणार, असे तोंडावर सांगितले होते. पहिल्याच मे महिन्यात दुपारी बाराला दारावर रांग लागली, हे त्यांना कळावे म्हणून येथे मुद्दाम नोंदवतो.

लेन जुन्या होत्या, परदेशातल्या एका बंद पडलेल्या हॉलमधून कंटेनरने न्हावा शेव्याला उतरलेल्या. पण लाकूड अस्सल होते. फाउल लाइनच्या (चेंडू सोडताना जी ओलांडायची नसते त्या रेषेच्या) पुढचा, चेंडू आपटतो तो भाग आणि पिना उभ्या राहतात तो भाग मेपलचा, मधला लांब पट्टा पाइनचा, आणि फाउल लाइनपासून पहिल्या पिनेपर्यंत बरोबर 60 फूट. पिना उभ्या करणारी यंत्रे आणि त्या पट्ट्या जुळवल्या आमच्या फिटरमामांनी. 1982 च्या संपात त्यांची गिरणी सुटली, तेव्हापासून ते मिळेल ते काम करत होते. बोलिंगचे यंत्र त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते. पडलेल्या पिना खड्ड्यातल्या पट्ट्यावरून मागे जातात, मोठे चाक त्या वर उचलते, तिथून त्या एकेक करून आपापल्या घरात बसतात आणि दहा पुऱ्या झाल्या की खाली ठेवल्या जातात, हे सारे त्यांनी पहिल्या दिवशी पाना हातात न घेता नुसते पाहिले आणि म्हणाले, “साहेब, हा तर आमचा साचाच आहे, कापडाऐवजी पिना विणतो एवढेच.” त्या दिवसापासून मागची बाजू त्यांच्या स्वाधीन झाली. कुठले बेअरिंग कोरडे पडले आहे, हे त्यांना आवाजावरून आधी कळत असे. परदेशातून येणाऱ्या सुट्या भागाची वाट पाहत लेन बंद ठेवणे त्यांना मान्य नव्हते, त्यामुळे ते नागदेवी स्ट्रीटवर जाऊन मापाचा पट्टा आणि पुली शोधून आणत, आणि दुपारच्या गर्दीपूर्वी यंत्र चालू झालेले असे.

उन्हाळ्यात हा खेळ वेगळा वागतो आणि ते मालकाला कळलेच पाहिजे. उन्हातून आलेल्या माणसाची बोटे सुजलेली असतात. त्याला सवयीचा चेंडू दिला तर अंगठा भोकात अडकतो, आणि एसीमध्ये अर्धा तास बसल्यावर तोच चेंडू हातातून सैल निसटतो. म्हणून आलेल्या मंडळींना आम्ही आधी बसवून पाणी देतो आणि मग चेंडू निवडू देतो. घामाचा किंवा पाण्याचा एक थेंब बुटाच्या तळव्याला लागला, तर घसरत थांबायच्या जागी पाय जागच्या जागी चिकटतो आणि माणूस तोंडावर आपटतो. म्हणून फाउल लाइनच्या अलीकडे, चेंडू टाकायला धाव घेतात त्या जागेवर, पाण्याची बाटली नेण्यास आमच्याकडे पहिल्या दिवसापासून सक्त मनाई आहे. त्यावर रुसणारे ग्राहकही पुन्हा येतात.

असे आमचे बस्तान बसत असताना 26 जुलै 2005 हा दिवस उजाडला. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठी नदीचे पाणी कुर्ल्यात शिरले. हॉलमध्ये कमरेइतके पाणी होते. मामा घरी न जाता रात्रभर पोटमाळ्यावर बसून होते. पहाटे पाणी हलेनासे झाल्यावर त्यांनी खाली उतरून प्रत्येक यंत्राच्या सांगाड्यावर पाण्याच्या पातळीची खडूने रेघ मारली. त्या रेघांचे फोटो आजही माझ्याकडे आहेत. पाणी ओसरल्यावर लेनवर चिखलाचा थर होता, मोटारी गेल्या होत्या, आणि लाकूड वाळू लागले तशी एकेक पट्टी कडांनी वर उचलली गेली. बोलिंगच्या लेनला आडव्या मापात एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातल्या चाळिसांइतका, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर, फरक चालतो. आमच्या पट्ट्यांवर हात फिरवला तरी उंचसखलपणा बोटांना लागत होता.

विमा होता आणि हप्ते वेळेवर भरलेले होते. कंपनीचा सर्वेक्षक आला तो बऱ्याच दिवसांनी, चिखल धुऊन झाल्यावर. त्याने लेनकडे उभ्या उभ्या पाहिले आणि मुंबईच्या दमट हवेने लाकूड वाकले आहे, ही नेहमीची झीज आहे, असे अहवालात लिहिले. ज्या हॉलमध्ये रात्रीही हवेतला ओलावा काढणारे यंत्र चालू ठेवले जात होते, त्या हॉलबद्दल हे लिहिले गेले. खडूच्या रेघा दाखवल्या, फोटो दाखवले, मोटारींची वाइंडिंग उघडून आतली माती दाखवली. मोटारींचे थोडे पैसे आले, लाकडाचा एक रुपयाही आला नाही. वर्षे लोटली तरी हा अन्याय मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

त्या काळात आम्हाला तारले ते नेहरूनगरच्या एका गृहस्थांनी. ते बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. दर मे महिन्यात नातवंडांना घेऊन बाराच्या ठोक्याला येत. डोक्यावरच्या पडद्यावर आकडे येत असले तरी प्रत्येक मुलाच्या हातात ते वहीचे पान आणि पेन्सिल देत. स्ट्राइक (पहिल्याच चेंडूत दहाही पिना) पडला की दहात पुढच्या दोन चेंडूंच्या पिना मिळवायच्या, स्पेअर (दोन चेंडूंत मिळून दहा) पडला तर पुढच्या एकाच्या. जो पोर बेरीज चुकेल त्याची पुढची पाळी उशिरा. (पालकांनी ही पद्धत अवश्य अंगीकारावी, सुट्टीत यापेक्षा चांगला गणिताचा अभ्यास नाही.) पुरानंतर ते हॉलवर आले, आडव्या पडलेल्या पट्ट्या पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी आपल्या बिल्डिंगमधल्या घराघरांतून पुढच्या मे महिन्याचे पैसे आगाऊ गोळा करून घेऊन आले. मी घेईना, तेव्हा म्हणाले, “मालक, तिकीट आधी फाडतात, गाडी मागाहून सुटते.” त्या पैशांतून तासायचे यंत्र भाड्याने आले. सहापैकी दोन लेन वाचणार नव्हत्या. त्या मामांनी उकलल्या, त्यांतल्या धड पट्ट्या निवडून बाकीच्या चार लेनमध्ये बसवल्या, आणि 2006 च्या मे महिन्यात आम्ही त्या चार लेनवर पुन्हा दार उघडले. ज्यांचे पैसे आले होते ती सगळी मुले खेळून गेली.

सावरतो न सावरतो तोच जवळच्या एका मॉलमध्ये दुप्पट लेनचा झगमगीत हॉल उघडला. स्पर्धेबद्दल माझी तक्रार नाही. पण आमची दुपारी बारा ते चारची शाळकरी मुलांची सवलतीची वेळ त्यांनी जशीच्या तशी उचलली, आमच्या काउंटरवरची दोन मुले फोडली, मामांना दुप्पट पगाराचे आमिष दाखवले आणि आमच्या ग्राहकांना आमच्या लेन पुरातल्या भंगाराच्या आहेत असे सांगितले. मामांनी नकार दिला. मी स्वतः तिथे जाऊन खेळून पाहिले आहे. लेनवर साधारण 40 फुटांपर्यंत तेलाचा थर रोज नीट घालावा लागतो, तो तिथे घातलाच जात नव्हता. चेंडू सुरुवातीलाच लाकडाला धरून वळत होता, पिनांचे वरचे आवरण फुटले होते आणि बुटांना वास येत होता. काही वर्षांतच तिथल्या लेन काढून त्या जागी मुलांच्या उड्यांचे खेळ लावण्यात आले. आमच्या चार लेन चालू आहेत.

त्यानंतरच्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. 2020 आणि 2021 चे मे महिने सगळ्यांचेच गेले, आमचेही गेले.

या धंद्यात उतरू पाहणारे तरुण भेटायला येतात. ते दिवे, संगीत, खाण्याचा काउंटर यांबद्दल विचारतात. त्यांना मी आधी मागे नेतो. हॉल विकत किंवा चालवायला घेताना यंत्रांच्या मागे तासभर उभे राहावे, म्हणजे हिशेबाच्या वह्यांपेक्षा जास्त कळते. एसी रात्री पूर्ण बंद करून विजेचे बिल वाचवू नये, ती बचत लाकूड वसूल करते. पिनांचे दोन संच ठेवून आलटून पालटून वापरावेत. लहान मुलाला सहा पौंडांहून जड चेंडू देऊ नये, मोठ्या माणसाने आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या भागाइतका घ्यावा, आणि फुशारकीने 16 पौंडांचा उचलणाऱ्याला थांबवावे. हल्ली दोरीने बांधलेल्या पिनांची यंत्रे विकणारे येतात. माणसे कमी लागतात आणि वीज कमी लागते, हे खरे आहे. 2023 मध्ये अमेरिकेतल्या बोलिंग संघटनेने त्या खेळाला स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यताही दिली. पण स्वतंत्र प्रकार म्हणून दिली, हे विक्रेते सांगत नाहीत. दोरीची पिन मोकळ्या पिनेसारखी पडत नाही, आणि आमच्याकडे मोकळ्याच पिना राहतील.

मामा आता गावी असतात. त्यांचा पुतण्या मागची बाजू सांभाळतो आणि अडले की त्यांना फोनवर यंत्राचा आवाज ऐकवतो. यंदा एप्रिलपूर्वी चारही लेन पुन्हा तासून समपातळीत आणल्या आहेत आणि पिनांचा नवा संच आला आहे. शाळकरी मुलांची वेळ दुपारी बारा ते चार हीच आहे, वहीचे पान आणि पेन्सिल काउंटरवर मागितली की मिळते. मोजे मात्र घरून आणावेत, भाड्याच्या बुटांत अनवाणी पाय आम्ही घालू देत नाही.