एका बटणासाठी

चूक माझीच. मधले काही महिने शेतातलं, रानातलं मोजणीचं काम नव्हतं, त्यामुळे कॅल्क्युलेटर ड्रॉवरमध्ये पडून राहिला आणि आतले सेल काढून ठेवायचं मला सुचलं नाही. उघडला तर तिन्ही एलआर४४ गळलेले, पत्र्यांवर हिरवट थर. व्हिनेगरनं पुसलं, खोडरबरानं घासलं. आकडे दिसायला लागले, पण बटणांची एक अख्खी ओळ गेली ती गेलीच.

माझा हा एचपी-३२एसटू १९९१ साली आला आणि २००२ मध्ये बंद झाला. म्हणजे 'असाच दुसरा द्या' म्हणायची सोय नाही.

माझं पोट सर्वेक्षणावर चालतं. ट्रॅव्हर्स म्हणजे जागेवर मोजत नेलेल्या रेषांची साखळी. तिच्यातल्या प्रत्येक रेषेचं बेअरिंग (उत्तरेपासूनचा कोन) आणि लांबी घ्यायची, त्यावरून उत्तरेकडे किती गेलो आणि पूर्वेकडे किती ते काढायचं, बेरीज करत जायचं. जिथून निघालो तिथेच परत आलो तर दोन्ही बेरजा शून्याच्या आसपास यायला हव्यात. ३२एसटूवर ध्रुवीयवरून कार्तीय, म्हणजे कोन-लांबीवरून उत्तर-पूर्व, करायचं थेट बटण होतं आणि त्याच्या जोडीला सिग्मा-प्लस. बेअरिंग ३० अंश, लांबी १०० मीटर दिली, शिफ्ट आणि ते बटण दाबलं की उत्तरेकडे ८६.६०३, पूर्वेकडे ५०. पुढच्या दाबात दोन्ही आकडे आपापल्या बेरजेत जमा. अंश-मिनिट-सेकंदांचं दशांशात रूपांतर जोडून मी त्याचा एक चिमुकला प्रोग्रॅम केला होता. आयुष्यात कागदावर लिहिलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा तो मी जास्त वापरला असेल.

त्यात आरपीएनची सवय, म्हणजे आधी आकडे टाकायचे आणि क्रियेचं बटण मागून दाबायचं. तीन, एंटर, चार, अधिक, पाच, एंटर, सहा, अधिक, गुणिले. सत्त्याहत्तर. कंस नाहीत, बरोबरचं चिन्ह नाही. हे ज्याच्या बोटांत बसलंय त्याला दुसरं काही नको होतं, आणि ज्याच्या नाही त्याला समजावायला मी केव्हाच सोडून दिलंय.

पहिल्यांदा जुनाच शोधला. एका विक्रेत्यानं पाठवलेल्या फोटोंत स्क्रीन कायम बंद. 'एक बेरीज करून फोटो पाठवता का?' विचारल्यावर पलीकडे शांतता. दुसरा हातात आला, पण त्याचं एंटर एकदा दाबलं की दोनदा लागायचं. आरपीएनवर हा दोष फार वाईट, कारण उत्तर चुकतं आणि चुकलंय हे कळत नाही. परत केला.

मग कॅसिओचा एफएक्स-९९१ईएक्स, कुणाचा तरी उसना. चांगलं यंत्र आहे. रूपांतर त्यातही आहे, उत्तरं एक्स आणि वाय या चलांत ठेवतो. तिथून ती दोन वेगळ्या बेरजांत हातानं टाकायची. तीन रेषा केल्या आणि थांबले.

एचपी-३५एस हा २००७चा. मला वाटलं, हाच वारस. पण माझं ते बटण त्यावर नाही! काम होतं, संमिश्र संख्येतून: शंभर थीटा तीस असं टाकायचं आणि दाखवण्याची पद्धत बदलायची. गंमत म्हणजे अशा संख्यांची नुसती बेरीज केली तरी उत्तर-पूर्व एकत्र जमत जातं, आणि हे कळल्यावर मी क्षणभर विरघळलेही. पण जमलेल्या संख्येतून नुसता पूर्वेचा आकडा वेगळा काढायला थेट फंक्शन नाही. मोठेपणा घ्या, कोन घ्या, साइननं गुणा. रानात उभं राहून? नको.

शेवटी वाट सापडली ती ३२एसटूची नाहीच, त्याच्या थोरल्या भावाची. एचपी-४२एस (१९८८ ते १९९५) मी कधी वापरला नव्हता. थॉमस ओकेन यांनी त्याचं फ्री४२ हे रूप लिहिलंय, फुकट, फोनवर चालतं. त्यातल्या 'कन्व्हर्ट' मेनूत मला लागणारी सगळी रूपांतरं एका ओळीत. माझा प्रोग्रॅम पाच पायऱ्यांत बसला: अदलाबदल, तास-दशांश (अंश-मिनिट-सेकंदांनाही हेच चालतं), अदलाबदल, कार्तीय, सिग्मा-प्लस. जुन्या वहीतला एक बंद ट्रॅव्हर्स टाकला आणि बेरजा वहीतल्यासारख्याच आल्या.

चार महिने फोनवर काढले. अडचण गणिताची नव्हती, काचेची होती. माझी नजर फील्डबुकावर असते आणि बोटं बटणं चाचपतात. काचेवर चाचपायला काही नसतंच.

म्हणून स्विसमायक्रोज कंपनीचा डीएम४२ घेतला. आत फ्री४२च चालतं, एक सीआर२०३२ सेल पुरतो, प्रोग्रॅम यूएसबीनं आत-बाहेर करता येतात. (मूळ ४२एसवर बाहेर न्यायचा तर इन्फ्रारेड प्रिंटर, आत आणायचा तर बोटं.) हिशोब चौतीस अंकांपर्यंत करतो, त्याचं मी काय करू हा प्रश्नच आहे, माझी टेप मिलिमीटरला दमते.

एक खुसपट राहिलं: कन्व्हर्ट शिफ्टच्या मागे आहे. मग प्रोग्रॅमच 'कस्टम' मेनूत पहिल्या जागी नेमला. स्क्रीनखालचं डावीकडचं पहिलं बटण. त्याच्या अगदी खालचं बटण सिग्मा-प्लसचं आहे, हे मला आठवडाभरानं दिसलं.