मऊ सफरचंदांचा रविवार

फ्रान्समधल्या ओर्लेआं शहरातल्या आमच्या रेस्टॉरंटात हिवाळाभर रविवारी दुपारच्या जेवणात गोड म्हणून तार्त तातँ, म्हणजे सफरचंदांचा उलटा टार्ट, ठरलेलाच. तव्यात लोणी-साखरेचं कॅरमेल, त्यात दाटीवाटीने उभी रचलेली सफरचंदं, वरून पारी, आणि भट्टीतून निघाल्यावर सगळं थाळीत पालथं. यासाठी आम्ही ‘रेन दे रेनेत’ जातीची सफरचंदं मागवतो. ती आंबटगोड असतात आणि शिजूनही आकार सोडत नाहीत. त्या रविवारी पेट्यांमध्ये दुसरीच जात आली. साल देखणी, पण आतला गर भुसभुशीत आणि पाणीदार.

पहिला तवा चढवला. घरी आपण पाक तारेवर पाहतो. कॅरमेल रंगावर पाहावं लागतं. १७० अंशांच्या आसपास ते गडद मधासारखं दिसतं, त्यापुढे काही क्षणांत कडवट होतं. रंग हवा तसा आला होता, पण सफरचंदांना इतकं पाणी सुटलं की कॅरमेलचा पुन्हा पातळ पाक झाला आणि फोडींच्या कडा विरघळू लागल्या. शेफ म्हणाल्या, ‘‘आज यादीतून काढून टाकू.’’ मी त्यांच्याकडे वेळ मागून घेतला.

सफरचंदाच्या पेशींना धरून ठेवतं ते पेक्टिन. जोरात उकळलं की ते विरघळतं आणि फळाचा लगदा होतो. पण तेच फळ आधी ६० अंशांच्या आसपास काही वेळ ठेवलं, तर त्यातलं एक एन्झाइम जागं होतं, पेक्टिन फळातल्याच कॅल्शियमशी बांधलं जातं आणि मग ते उकळीलाही फारशी दाद देत नाही. मी उरलेल्या सफरचंदांचे निम्मे-निम्मे भाग केले, लिंबू चोळलं आणि झाकलेल्या ट्रेमध्ये मंद भट्टीत ठेवले. थर्मामीटर गरात खुपसून उभीच राहिले. मग नवं कॅरमेल केलं, फळं रचली, सुटलेला रस पळीने काढून वेगळ्या भांड्यात आटवला आणि परत तव्यात ओतला. वर गार पारी, कडा आत खोचलेल्या, वाफेला भोकं. भट्टी २०० वर.

पालथं घालण्याची वेळ फार महत्त्वाची. लगेच उलटलं तर रस वाहून जातो, गार होऊ दिलं तर कॅरमेल तव्याला धरून बसतं. पंधरा मिनिटं थांबून उलटलं. फळांचे अर्धे भाग जसेच्या तसे उभे होते, काठापर्यंत तांबूस. चव थोडी गोडाकडे झुकलेली, पण लिंबाने सावरली होती. शेफनी एक तुकडा खाल्ला आणि खडूने पाटीवर नाव लिहिलं.

टार्ट खाताना एका आजोबांनी मला बोलावून प्रेमाने सांगितलं, ‘‘हा पदार्थ चुकून झाला, बरं का!’’ ही दंतकथा इथे सगळे सांगतात, आणि मला ती मुळीच आवडत नाही. ओर्लेआंच्या दक्षिणेला लामोत-बव्रों गावात, रेल्वे स्थानकासमोर, स्तेफानी आणि कारोलिन तातँ या बहिणी हॉटेल चालवत. स्तेफानी स्वयंपाक करायची, कारोलिन पाहुणे सांभाळायची. घाईत टार्ट उलटा झाला म्हणतात. पण त्या गावाच्या परिसरात, म्हणजे सोलोन्य भागात, फळांचे उलटे टार्ट त्यांच्या आधीपासून होते. त्यांचाच टार्ट गाजला, आणि १९२६ मध्ये खाद्यलेखक कुर्नोन्स्की यांनी या बहिणींच्या नावासह तो छापून देशभर नेला, तेव्हा दोघीही हयात नव्हत्या. आयुष्य चुलीपाशी घालवलेल्या बाईचं कसब आपण अपघाताच्या नावावर का टाकतो? मी आजोबांना हे सगळं सांगितलं, सकाळच्या सफरचंदांची हकिगतही. ते म्हणाले, ‘‘साठ अंश? लिहून द्या, माझ्या बायकोला दाखवतो.’’

मी बिलाच्या पाठीवर लिहून दिलं. उरलेल्या पेट्यांचं सोमवारी कॉम्पोत, म्हणजे साखरेत शिजवलेला फळांचा मऊ गर, केलं. त्यासाठी ती जात उत्तम होती.