तिसऱ्यांसाठी स्कॉटलंड

चीव्हनिंग शिष्यवृत्तीच्या अर्जात निबंध लिहावे लागतात: तुमचं नेतृत्व, माणसं जोडण्याची हातोटी, हाच कोर्स का, आणि शिकून आल्यावर काय करणार. घाम फोडतो तो शेवटचा. पैसे ब्रिटिश सरकारचे. फी, राहण्याचा खर्च, विमानभाडं सगळं ते देतात. अट एकच, कोर्स संपला की मायदेशी परतायचं आणि निदान दोन वर्षं इथे राहायचं. त्यामुळे इथे येऊन नक्की काय करणार, हे जायच्या आधीच सांगावं लागतं. 'कोकणच्या मत्स्यव्यवसायाचा शाश्वत विकास' असल्या वाक्यांनी तिथे काही हलत नाही. कुठली खाडी, कोण माणसं, काय अडलंय, ते लिहा. अर्ज करणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगते.

मी लिहिलं ते आमच्या खाडीतल्या तिसऱ्यांबद्दल, म्हणजे चिखलात सापडणाऱ्या खाण्याच्या शिंपल्यांबद्दल. आमचं गाव रत्नागिरीच्या दक्षिणेला. ओहोटी लागली की बायका खाडीत उतरतात, पायाने चाचपतात, हाताने चिखल उकरून तिसऱ्या काढतात. माझी काकी त्यातलीच. वेळ बघायला तिला मोबाइल लागत नाही; तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, त्यावरून ओहोटी. माल रस्त्याकडेला वाट्यावर विकायचा किंवा टेम्पोवाल्याला द्यायचा, तो म्हणेल त्या भावाने. तिसऱ्या वर्षागणिक बारीक होत चालल्यात, हे मी लहानपणापासून ऐकत आले. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात पदवी घेतली, कोळंबीच्या हॅचरीत, म्हणजे पिल्लं तयार करतात तिथे, नोकरी केली, पण या बायकांच्या कामाचं करायचं काय, ते माझ्या कुठल्याच परीक्षेत आलं नव्हतं.

बाकी सगळी कागदपत्रांची लढाई. कामाचा 2800 तासांचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण दोन वर्षांची नोकरी. हॅचरीच्या हजेरीपुस्तकावर ते निभावलं. तीन कोर्सना अर्ज करायचे आणि त्यातल्या एकाचं तरी बिनशर्त प्रवेशपत्र हातात हवं. व्हिसासाठी क्षयरोगाची तपासणी ठरवून दिलेल्या दवाखान्यातच करावी लागते, म्हणून मुंबई. मुलाखतीत मला सर्वांत जास्त प्रश्न तिसऱ्यांवरच आले, हे मात्र बरं झालं. (याच एका वाटेवर अडून राहू नका. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आपल्याकडच्या मुलांना ती माहीतच नसते.)

2022 च्या सप्टेंबरात स्टर्लिंगला पोचले. तिथली मत्स्यशेतीची संस्था या विषयात नावाजलेली. पाऊस आपल्यासारखाच, फक्त गार आणि बारमाही. आधी शिकले ते पाण्याची प्रतवारी. तिकडे शिंपल्यांच्या प्रत्येक पट्ट्याला वर्ग दिलेला असतो. 100 ग्रॅम मांसात 230 पेक्षा जास्त ई. कोलाय जिवाणू नसतील तर 'अ' वर्ग, माल थेट बाजारात. 'ब' वर्गातला माल अतिनील किरणांनी शुद्ध केलेल्या समुद्राच्या पाण्यात, साधारण 42 तास ठेवून मगच विकायचा. तोवर मी तिसऱ्या ताज्या की शिळ्या एवढंच बघत होते. त्या कुठल्या पाण्यात वाढल्या हे कोणी विचारावं, ते माझ्या डोक्यातच नव्हतं.

पण टाक्या आणि दिवे उचलून कोकणात आणता येत नाहीत, आणले तरी विजेचं बिल कोण भरणार? खरं शिकणं झालं ते वर्गातल्या शेजाऱ्यांमुळे. एक मुलगी पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाची होती. तिच्या देशात कालवं काढणाऱ्या बायकांची 'ट्राय' नावाची संघटना आहे, 2007 साली सुरू झालेली. खारफुटीतून कालवं काढणाऱ्या या बायकांनी बंदीचा काळ स्वतःहून वाढवून घेतला आणि 2012 मध्ये सरकारने तानबीच्या पाणथळ पट्ट्यातल्या कालवांचा हक्कच त्यांच्या हाती दिला. त्याच वर्षी त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कारही मिळाला. त्या फोटोंमधल्या बायका डोक्यावर टोपली घेऊन चिखलातून चालताना काकीच्या चुलतबहिणी शोभल्या असत्या.

दुसरं उदाहरण ऐकून तर मी ओशाळले. प्राध्यापकांनी पडद्यावर दाखवलं ते केरळातलं कोल्लम. तिथल्या अष्टमुडी तलावातल्या तिसऱ्यांना 2014 मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल (एमएससी) या आंतरराष्ट्रीय संस्थेचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी, जाळीचं भोक निदान 30 मिलिमीटर, आणि बारीक माल निर्यातीला नाही. रत्नागिरीहून कोकण रेल्वेत बसलं तर थेट केरळात उतरता येतं, आणि मला कोल्लम कळायला स्कॉटलंडला जावं लागलं! मला वाटतं परदेशी शिक्षणाचा मोठा उपयोग हाच. तिथे जगातले किनारे शेजारीशेजारी मांडून बघायला मिळतात. इथे बसून आपल्याला फक्त आपली खाडी दिसते, फार तर पलीकडच्या गावची.

परत आल्यावरचं स्वागत ठरलेलं. "काय गो, तिकडे नोकरी नाय मिळाली?" पदवीच्या मान्यतेची काळजी निदान नव्हती. पूर्वी ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टर्सला आपल्याकडे समकक्ष मानत नसत. जुलै 2022 मध्ये दोन्ही देशांत परस्परमान्यतेचा करार झाला. खाडीत माझी मान्यता मात्र वेगळ्या कार्यालयात अडकली होती. काकीच्या गटातल्या बायका म्हणाल्या, "आधी आमच्याबरोबर ये, मग शिकव." तेव्हा ओहोटीला त्यांच्याबरोबर उतरले, कॅलिपर घेऊन. मी मापं घ्यायची, त्या हसायच्या. पण लांबीचा तक्ता भिंतीवर लागला तेव्हा बोलणं सुरू झालं, कारण निम्म्याहून जास्त माल कोवळा होता आणि हे त्यांनाही आकड्यात पहिल्यांदाच दिसत होतं.

1 जून ते 31 जुलैची बंदी यांत्रिक होड्यांना. हाताने तिसऱ्या काढणाऱ्या बाईला ती लागू नाही, आणि तिच्या खाडीवर तिचा हक्कही कुठे लिहिलेला नाही. म्हणून आधी चाळण आणली. तिच्यातून पडेल ते तिथल्या तिथे खाडीत परत. टेम्पोवाला कुरकुरला, मग मोठ्या मालाला थोडा जास्त भाव द्यायला लागला, कारण हॉटेलवाले मोठाच माल मागतात. पाण्याचे नमुने महाविद्यालयातले ओळखीचे सर तपासून देतात, पावसाळ्यात आणि पावसानंतर. वही काकीची सून लिहिते.

अष्टमुडीसारखी तीन महिन्यांची बंदी मी सुचवली तेव्हा सभा उठलीच. डिसेंबर ते फेब्रुवारी म्हणजे जत्रा, लग्नं, मुंबईकर पाहुणे. तेव्हाच तर पैसा येतो. "तुझ्या केरळातल्या बायांना जत्रा नसतात काय?" असं एकीने विचारलं, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी बांधापासून पुलापर्यंतचा पट्टा शिमग्यापर्यंत बंद ठेवायचं ठरलं, बाकी खाडी चालू. राखणीला बायकांनी स्वतःच पाळ्या लावल्यात. त्यात मंगळवार माझा.