सासुरवाडीची 21 पत्त्यांची रमी

रमी मला येते, असं मी वीस वर्षं समजत होतो. कर्जत लोकलमध्ये चौघांच्या गुडघ्यांवर आडवी ठेवलेली ब्रीफकेस आणि ठाणे यायच्या आत डाव उरकायची घाई, अशी शिकलेली 13 पत्त्यांची रमी. त्यामुळे गेल्या गणपतीत गुहागरकडच्या सासुरवाडीला रात्रीची आरती झाल्यावर आत्यांनी "जावईबापू, पत्ते खेळता ना?" असं विचारलं, तेव्हा मी ऐटीत मांडी ठोकून बसलो.

आत्या म्हणजे बायकोच्या आत्या, वय 74. त्यांनी ट्रंकेतून रुमालात बांधलेले कॅट काढले. एक नाही, दोन नाही, तीन. प्रत्येकातले दोन-दोन जोकर धरून 162 पत्ते. पिसायचे तर दोन हातांत मावत नव्हते, म्हणून ते तीन वाटण्यांत पिसून एकमेकांत मिसळले. दोन कॅट निळ्या पाठीचे आणि एक लाल, त्यामुळे कोणाच्या हातात लाल किती आहेत ते समोरच्याला दिसायचं. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

"21 कशाला पण?"

"गणपतीत सगळं एकवीसच. दुर्वा एकवीस, मोदक एकवीस, मग पत्त्यांनी काय घोडं मारलंय?"

आम्ही पाच भिडू. प्रत्येकापुढे शंभर काजूच्या बिया आणि 10 गुणांना एक बी असा हिशेब. पैसे लावायचे नाहीत, असा आत्यांचा दंडक. मेहुण्याचा मुलगा आधी फोनवर पैसे लावून रमी खेळायचा. 2025 मध्ये केंद्राचा कायदा आला, ती ॲपं बंद झाली आणि तो पुन्हा सतरंजीवर आला.

21 पत्ते हातात धरणं हेच पहिलं काम. पंखा करायला गेलो तर मधली पानं निसटून मांडीवर उताणी पडली आणि माझे दोन राजे सगळ्यांनी बघितले. शेवटी आत्यांनी युक्ती सांगितली. जुळलेली पानं एकावर एक मिटवून डाव्या तळव्यात दाबायची आणि फक्त अर्धवट राहिलेली उघडी धरायची.

मग जोकर काढला. बदामाची सत्ती. लोकलमधल्या रमीत याचा अर्थ एवढाच, की सगळ्या सत्त्या जोकर, म्हणजे कुठल्याही पानाच्या जागी चालणाऱ्या. इथे तेवढ्यावर भागत नाही. सत्तीच्या वरची बदामाची अठ्ठी आणि खालची बदामाची छक्की हेही जोकर, आणि नुसते जोकर नाहीत, तर बक्षिसाची पानं. बदाम सत्ती, अठ्ठी किंवा छक्की यांतलं एक हातात असेल, तर डाव संपल्यावर प्रत्येक भिडूकडून 10 गुण. तिन्ही एकत्र असतील तर ते मॅरेज, त्याचे प्रत्येकाकडून 100. हे सगळं मला सांगितलं होतं. मी मानही डोलावली होती. तरी तिसऱ्या फेरीत एक सुटं, बिनकामाचं पान म्हणून मी खाली काय टाकलं, तर बदामाची अठ्ठी.

क्षणभर शांतता. मग मेहुण्याचा हात झपकन पुढे आला आणि आत्यांनी त्यावर चापट मारली. टाकलेला जोकर उचलायचा नाही, हा नियम दोन्हीकडे सारखाच. निदान तेवढ्यावर निभावलं.

खरी फजिती पुढच्या डावात झाली. चार जोकर आले होते. लोकलमध्ये चार जोकर आले तर माणूस पानं लावायच्या आधीच हसायला लागतो. मीही भराभर लावत गेलो. इस्पिकची तिर्री-चौकी-पंजी, किल्वरची नव्वी ते राणी, आणि चौकटचा दहा, गुलाम, मग राणीच्या जागी जोकर, मग राजा. उरलेल्यांत तीन एक्के, दुर्र्या आणि राजे, प्रत्येकाला एकेक जोकर चिकटवलेला. शेवटचं पान आपटून "शो!" म्हटलं, म्हणजे माझी सगळी पानं लागली.

आत्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि माझी पानं बोटाने मोजायला घेतली.

"ही एक प्युअर. ही दोन. आणि तिसरी?"

"ही काय, चौकटची."

"यात राणी कुठाय? हा जोकर झाला. प्युअर तीन लागतात हो, तीन."

लोकलमध्ये एक प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाची सलग पानं जोकरशिवाय लागली, की बाकीचं जोकरवर ढकलता येतं. इथे बिनजोकरच्या तीन सिक्वेन्स झाल्याशिवाय बाकीच्या लावालावीला अर्थच नाही. चुकीचा शो म्हणजे 120 गुण, म्हणजे चौघांना बारा-बारा बिया. शंभरातल्या 48 एका झटक्यात गेल्या. वर आत्यांनी आपली पानं उघडून दाखवली. चौकटच्या तीनपैकी दोन राण्या त्यांच्याकडेच! त्या डबल्या जमवत होत्या. एकाच रंगाच्या, एकाच पानाच्या अशा आठ जोड्या झाल्या, की सिक्वेन्सशिवायही शो करता येतो. तीच तीन पानं एकसारखी आली तर तो टनेला, आणि तो प्युअर सिक्वेन्सच्या बरोबरीचा. तीन कॅट घेण्यामागचं कारण मला तेव्हा कळलं.

रात्री झोप येईना, म्हणून बायकोच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. सत्ती उलटी निघाल्यावर उरलेल्या सत्त्या 11, बदामाच्या अठ्ठ्या तीन, छक्क्या तीन आणि चित्राचे जोकर सहा. एकूण 23. पानं उरली 161. म्हणजे दर सात पानांत एक जोकर, आणि 21 पानांच्या हातात सरासरी तीन! आमच्या लोकलमध्ये दोन कॅट आणि चार चित्राचे जोकर घेतात. तिथे 13 पानांत जेमतेम सव्वा-दीड येतो. माझ्या हातात चार आले म्हणून मी हुरळलो होतो, पण इतरांकडेही थोड्याफार फरकाने तेवढेच असणार होते. इथे तंगी जोकरची नाहीच, सलग पानांची आहे.

दुसऱ्या रात्रीपासून मी उलट्या बाजूने खेळायला लागलो. पत्ते उचलले की जोकर वेगळे काढून कोपऱ्यात ठेवायचे आणि ते नाहीतच असं धरून उरलेली पानं बघायची. शेजारशेजारची पानं जमण्यासारखी नसतील, तर सरळ पॅक. पहिल्याच फेरीत सोडला तर 30 जातात, मधे सोडला तर 70. एकदा पाच जोकर असताना पॅक केलं, तर मेहुणा माझ्याकडे वेड्यासारखा बघायला लागला. शिवाय खाली काय पडलंय ते लक्षात ठेवायचं. हे शेवटचं मला अजून नीट जमत नाही. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, तेव्हा पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात हेच एक कारण दिलं होतं. आत्यांना हा निकाल सांगितला. त्या म्हणाल्या, "ते सांगायला कोर्ट कशाला हवं?"

गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या आदल्या रात्रीचा शेवटचा डाव. जोकर निघाला चौकटची नव्वी. माझ्याकडे इस्पिकची पंजी-छक्की-सत्ती आणि बदामाचे गुलाम-राणी-राजा असे दोन प्युअर तयार. किल्वरची अठ्ठी आणि दश्शी नुसत्याच ताटकळत होत्या, आणि मी किल्वरच्या नव्वीची वाट बघत होतो. दोन फेऱ्या गेल्या. मग लक्षात आलं, की किल्वरची नव्वी माझ्याच हातात आहे. जोकर म्हणून मी ती कधीची दोन एक्क्यांच्या शेजारी नेऊन ठेवली होती.

ती काढून अठ्ठी आणि दश्शीच्या मधे सरकवली. एक्के उघडे पडले, पण पुढच्याच उचलीत चित्राचा जोकर आला आणि ती जागा भरली.

"शो."

चष्मा पुन्हा खाली आला. बोट किल्वरवर थांबलं. "हा जोकर."

"नाही आत्या, ही नव्वीच आहे. आपल्या जागेवर बसलीय."

त्यांनी ते पान उचलून दिव्याकडे धरलं, परत ठेवलं आणि काही न बोलता बिया मोजून माझ्या पुढ्यात लोटल्या. त्यातली एक किडकी निघाली. बदलून मागितली, तर म्हणाल्या, "डावातली बी बदलून मिळत नाही, जावईबापू."